रापणकारांच्या शिल्पाला चेहरे हवेत का?

सडेकर
मंडळी, प्रश्न जरा लांबण लावून विचारतोय. आमच्या गावात (देवगड तालुका, नाव मुद्दाम देत नाही, गावचे चारपाच जण इथे नक्की वाचतात) किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर रापणकारांचं (रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी दोराने ओढायचं मोठं जाळं) शिल्प उभं करायचं ठरलंय. मुंबईकर मंडळाने वर्गणी काढली, ग्रामपंचायतीने जागा दिली आणि एका तरुण शिल्पकाराने लहान मॉडेल करून आणलं. भांडण तिथून सुरू झालं.

मॉडेलमध्ये सात माणसं एका ओळीत मागे रेलून दोर ओढतायत. एकालाही नाक-डोळे नाहीत, डोकी नुसती गुळगुळीत. हात कोपराच्या पुढे दोरच होऊन जातात, बोटं नाहीतच. आणि शेवटच्या माणसाच्या छातीत आरपार भोक.

बैठकीत एक काका उठले आणि म्हणाले, "माझो बापूस ह्यातलो खयचो, ता दाखय आधी." शिल्पकार म्हणाला, सगळेच तुमचे वडील. मग जो गलका झाला तो चहा येईपर्यंत थांबला नाही.

मला स्वतःला मॉडेल आवडलंय, पण का आवडलं ते चारचौघांत सांगता येत नाही. आजकालचे शिल्पकार माणसाच्या शरीराचं हे असं का करतात? कोणी नीट समजावेल का? पुढच्या बैठकीत बोलायला काहीतरी हवं.

नारळीपाक
भोक वारा जायला ठेवलंय. देवगडचा वारा बघता निर्णय योग्य आहे.

खवळलेला बांगडा
ते भोक म्हणजे मच्छीमारांना सरकारकडून मिळायचा डिझेलचा परतावा. अजून यायचाय.

दर्यावर्दी
रापणीक डिझेल लागणा नाय रे बांगड्या. माणसां लागतत.

जुना कंदील
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. ज्यांना चेहरा जमत नाही त्यांनी काढलेली ही पळवाट आहे. शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी असताना 'मंदिरपथगामिनी' केली, १८९६ साली. ते लुगडं बघा, त्याच्या चुण्या बघा, पुढे टाकलेलं पाऊल बघा. वसईचे र. कृ. फडके घ्या, गिरगाव चौपाटीवरचे टिळक त्यांचे. लांबून बघितलं तरी टिळकच दिसतात. आता कुणीही दोन गोटे एकावर एक ठेवतो आणि खाली 'मानव' लिहितो. लोकांनी वर्गणी दिली ती आपल्या माणसांसाठी, कोड्यासाठी नाही.

खाडीपलीकडची
कंदीलकाका, म्हात्रे-फडक्यांबद्दल दुमत नाही. पण 'जमत नाही म्हणून' हे पटत नाही. ज्यांनी हे सुरू केलं त्यांना सगळं जमत होतं.

फ्रेंच शिल्पकार रोदँचंच घ्या. १८७७ मध्ये त्याने 'ब्राँझयुग' नावाचा उभा तरुण दाखवला. तो इतका हुबेहूब होता की जिवंत माणसावरून थेट साचा काढल्याचा आरोप झाला. आणि ह्याच माणसाने पुढे 'चालणारा माणूस' केला, ज्याला डोकं नाही आणि हातही नाहीत. फक्त धड आणि फाकलेले पाय. गंमत म्हणजे त्याची दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली आहेत. चालताना असं कधीच होत नाही, फोटोत तर दिसणारच नाही. पण बघताना तो चालतोच, कारण एका पावलावरून दुसऱ्यावर वजन जातानाचे दोन क्षण त्याने एकाच शरीरात बसवलेत. डोकं असतं तर आपण आधी चेहरा बघितला असता आणि पायांकडे लक्षच गेलं नसतं.

रुमानियाचा शिल्पकार ब्रांकुशी, त्याचंही तसंच. विद्यार्थीदशेत, १९०२ मध्ये, त्याने बुखारेस्टला कातडी सोललेल्या माणसाचा पुतळा केला. त्यात स्नायू इतके अचूक होते की तो वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवायला वापरला गेला. १९०७ मध्ये रोदँच्या कार्यशाळेत थोडे दिवस काढून तो बाहेर पडला, आणि १९१० ची त्याची 'निद्रिस्त कलादेवी' म्हणजे आडवं ठेवलेलं एक अंडाकृती डोकं. नाकाची एक कड आणि डोळ्यांच्या पुसट खुणा, बस्स.

सडेकर, तुमच्या काकांच्या प्रश्नाला मात्र रोदँच जास्त उपयोगी पडेल. कॅले हे फ्रान्समधलं बंदराचं गाव. चौदाव्या शतकात इंग्रज राजाने वेढा घातला तेव्हा गाव वाचवायला सहा नागरिक गळ्यात दोर घालून मरायला निघाले. पुढे गावाला त्यांचं स्मारक हवं झालं. गावाच्या मनात पुढाऱ्याचा एक भारदस्त पुतळा होता. रोदँने सहाही जण केले. कोणी खचलेला, कोणी डोकं धरलेला, कोणी मागे वळून बघणारा. वीर कोणीच नाही. त्याची इच्छा होती की ते जमिनीवर, लोकांच्या पातळीत उभे असावेत. गावाने १८९५ मध्ये ते उंच चौथऱ्यावर चढवले, आणि १९२४ मध्ये खाली आणले. म्हणजे तुमच्या ग्रामपंचायतीला वेळ आहे अजून.

जुना कंदील
पण कॅलेच्या सहाही जणांना चेहरे आहेत, ताई. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने पडतं.

खाडीपलीकडची
आहेत. पण ज्यांना मरून पाचशेहून जास्त वर्षं झाली त्यांचे चेहरे रोदँला कुठून मिळणार? ते त्याने घडवलेले आहेत. कॅलेतला कुणी म्हणाला असता की माझा पूर्वज दाखव, तर काय दाखवणार?

पेणकर
आमच्या घरची गणपतीची शाळा आहे, म्हणून दोन शब्द. गिऱ्हाईक फोटो घेऊन येतं, अमुक मंडळासारखी बैठक पाहिजे, तमुकसारखा चेहरा पाहिजे. आमच्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते आणि ती करणारा हात वेगळा असतो. पण मूर्ती चांगली की वाईट ते त्याच्या कितीतरी आधी कळतं. बैठक कलली असेल, पोटाचा भार मांडीवर नीट येत नसेल, तर वर कितीही सुंदर डोळे आखा, मूर्ती बसत नाही. आम्ही कच्ची मूर्ती पाठीमागून बघतो. पाठ बरोबर असली की पुढचं जमतं. सडेकर, त्या मॉडेलची पाठ बघा.

सडेकर
पेणकर, हे भारी सांगितलंत. मॉडेलचे मागून फोटो काढलेत. पाठी खरंच ताणलेल्या दिसतात, सातही वेगवेगळ्या.

माती आणि साचा
मी याच धंद्यातला, सध्या सिंधुदुर्गात. चेहऱ्याचा वाद चालू द्या, पण आधी सांगा, करणार कशात? समुद्रापासून शंभर पावलांवर तोच खरा प्रश्न आहे, आणि आकार कसा निघणार तेही तोच ठरवतो.

फायबर स्वस्त पडतं, पण उन्हात वरचा थर पांढुरका पडून पावडर व्हायला लागतो. लोखंडी सळ्यांवर सिमेंट केलंत तर खारी हवा आत शिरते, सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की सिमेंट फोडते. बारीक बोटं, पातळ कान, नाकाचं टोक असल्या जागी सळईवर सिमेंटचा थर पातळ राहतो, म्हणून तडा आधी तिथे जातो. ब्राँझ टिकाऊ खरं, पण क्षार धरले की हिरवी भुकटी सुटते, त्यामुळे देखभाल लागते आणि खर्चही मोठा. म्हणजे हात दोरात विरघळवणारा तो पोरगा नुसता कलावंत नाही, हुशारही आहे.

सिमेंटच करणार असाल तर रामकिंकर बैज बघा. 'संथाळ कुटुंब', १९३८, शांतिनिकेतन. कावडीत पोर घेतलेला बाप, सोबत आई आणि कुत्रं, सगळं बिऱ्हाड निघालंय. सिमेंट आणि जांभ्याची खडी, म्हणजे आपल्या पायाखालचाच दगड. ब्राँझला पैसे नव्हते. पृष्ठभाग खडबडीत, हाताने मारलेला, गुळगुळीत करायचा प्रयत्नच नाही. ती माणसं ज्या मातीवरून चालतात त्याच मातीची वाटतात. भारतात उघड्यावर उभ्या राहिलेल्या आधुनिक शिल्पांची गोष्ट बरेच जण तिथूनच सुरू करतात.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, पण सच्छिद्रच राहतो. त्यात बारीक पापणी कोरता येत नाही. त्या दगडात काम करायचं तर मोठे भार, सरळ रेषा, ढोबळ वळणं, एवढ्यावरच भागवावं लागतं.

सड्यावरचा भुंगा
जांभ्याचा विषय निघालाच आहे तर राजापूरकडची कातळशिल्पं का विसरता? बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. नाक नाही, डोळे नाहीत, नुसती बाह्यरेषा. तरी माणूस आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बिनचेहऱ्याचा माणूस कोकणाला नवीन नाही.

जुना कंदील
भुंगासाहेब, ज्याने ते खोदलं त्याच्याजवळ हत्यार काय आणि हेतू काय, आपण सांगू शकत नाही. सगळं जुनं आजच्या फॅशनच्या दावणीला बांधू नका.

माती आणि साचा
कंदीलकाकांचा मुद्दा इथे बरोबर आहे. आधुनिक शिल्पकारांनी जुन्यातून घेतलं, पण म्हणून जुनं आधुनिक होत नाही. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरने मेक्सिकोच्या चाकमूलवरून (रेललेल्या माणसाची जुनी दगडी मूर्ती) आडव्या माणसाची बैठक उचलली. त्याला हवी होती ती बैठक, त्यामागचा धर्म नको होता.

आणि भोकाचं एकदा संपवतो. १९३१ च्या सुमारास बार्बरा हेपवर्थ या इंग्रज शिल्पकर्तीने दगडातल्या आकृतीला आरपार भोक पाडलं, पाठोपाठ मूरनेही. त्याआधी भोक म्हणजे दगड वाया गेला, एवढंच. यांनी पोकळीलाच आकार मानलं. पुतळ्याची पुढची आणि मागची बाजू त्यातून जोडली जाते, आणि पलीकडचं आकाश शरीराचा भाग होतं. मूर समुद्रकाठचे गोटे, हाडं, गारगोट्या गोळा करून ठेवायचा. हेपवर्थ १९३९ पासून कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्हज् या कोळ्यांच्या गावात राहिली, तिथेच काम केलं. सडेकर, भोकातून समुद्र दिसेल अशा बेताने तो माणूस उभा केलाय का, ते विचारा. नसेल तर भोक कशाला, हेही विचारा.

खवळलेला बांगडा
चला, म्हणजे डिझेलचा परतावा नाही तर.

शेवंती
सगळं वाचलं. चेहरा, भोक, सिमेंट, सळई. एक गोष्ट अजून कुणी विचारली नाही. सातपैकी बायका किती?

रापण काठाला लागली की मासळी कोण निवडतं? वाटे कोण घालतं? टोपली डोक्यावर घेऊन बाजार कोण गाठतं? आमच्या घरात ते काम आजीने केलं, आईने केलं. आजोबांचा पुतळा तुम्ही बिनचेहऱ्याचा कराल, आजीचा तर करणारच नाही.

आधुनिक शिल्पांतही बाई दिसते तेव्हा बहुतेक आडवी पडलेली दिसते. मूरची बघा. उभी, भार उचलणारी बाई बघायची तर अजून शिल्पकार कर्मरकरांच्या सासवण्यालाच (अलिबागजवळ) जावं लागतं. टोपली डोक्यावर घेतलेल्या बाईच्या मानेत आणि कमरेत जो ताण असतो तो दोर ओढणाऱ्या बाप्याच्या पाठीत नसतो, तो वेगळाच. शिल्पकाराला शरीरच शोधायचंय ना? मग हे घ्या.

दोरावरून आणखी एक आठवलं. मृणालिनी मुखर्जी यांनी तागासारख्या धाग्याच्या दोऱ्या रंगवून, त्यांना हाताने गाठी मारमारून माणसापेक्षा उंच आकृत्या केल्या. अर्ध्या देवी, अर्ध्या वनस्पती. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आपल्याकडे काथ्याचे ढीग पडलेत आणि आपण फायबरचा भाव काढतोय.

दर्यावर्दी
शेवंतीताय, एकदम बरोबर. आमची आये पाटी घेवन चलताना मान हलणा नाय, खालचां सगळां आंग हलता. ता कोणाक जमलां तर माका दाखवा.

पेणकर
+१ शेवंतीताई.

हापूस नाही पायरी
काथ्या पावसात कुजेल. बाकी सहमत.

वाळूतली खूण
समुद्रकाठच्या शिल्पांवर चर्चा आहे आणि इंग्रज शिल्पकार गॉर्मलीचं नाव नाही? लिव्हरपूलजवळ क्रॉसबीच्या किनाऱ्यावर अँटनी गॉर्मलीची शंभर ओतीव लोखंडी माणसं उभी आहेत. प्रत्येक साडेसहाशे किलोचा. साचे त्याच्या स्वतःच्या अंगावरून काढलेले, सगळे समुद्राकडे तोंड करून. सुमारे तीन किलोमीटर पसरलेत. भरती आली की बरेचसे गळ्यापर्यंत, काही पूर्ण बुडतात, ओहोटीला पुन्हा वर. अंगावर कालवांसारखे शिंपले चढलेत, गंज चढलाय. माझी बहीण तिकडे राहते, म्हणून बघायला मिळालं. जवळ गेलं तर चेहरे अगदी पुसट. पण लांबून संध्याकाळी बघताना चटकन कळत नाही की खरा माणूस कोणता आणि लोखंडी कोणता.

तिथेही विरोध झाला होता. बोटवाले, सुरक्षावाले, सगळ्यांच्या हरकती. शेवटी २००७ मध्ये कायम ठेवायचं ठरलं. आता लोक त्यांना टोप्या आणि मफलर घालतात.

नारळीपाक
अंगावरून साचा काढायचा तर सिंधुदुर्ग किल्ल्यावर महाराजांच्या हातापायाचे चुन्यातले ठसे आहेतच. गॉर्मलीच्या कितीतरी आधी.

सड्यावरचा भुंगा
आणि त्याच किल्ल्यात शिवराजेश्वराच्या देवळातली मूर्ती. राजाराम महाराजांच्या काळातली. महाराजांना दाढी नाही, घोडा नाही. शाळेच्या भिंतीवरच्या चित्रातल्या महाराजांशी काही जुळत नाही. तरी साडेतीनशे वर्षांच्या आसपास पूजा चालू आहे.

एक_मुंबईकर
पुतळ्यांचा विषय आणि मालवण म्हटल्यावर राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा २०२४ मध्ये कोसळला त्याबद्दल कोणीच कसं बोलत नाही? कोण जबाबदार होतं ते सगळ्यांना

व्यवस्थापक
वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. त्या विषयावर दोन धागे आधीच आहेत, तिकडे लिहावं. इथे पर्ससीन आणि एलईडी मासेमारीवरही वळू नये, ही आगाऊ विनंती.

दर्यावर्दी
आगाऊच ती. मी अर्धां टायप केललंय.

हर्णेची होडी
दापोलीकडचं एक नाव राहिलं. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक कलावंतांचा गट स्थापन झाला, त्यातल्या सहा संस्थापकांत शिल्पकार म्हणून आलेले एकटे सदानंद बाकरे. हुसेन, रझा, सूझा ही नावं सगळ्यांना पाठ असतात, बाकरे विचारले की लोक गप्प. जे. जे.त शिकलेले, हुबेहूब व्यक्तिशिल्प उत्तम करणारे, आणि तिथून हळूहळू माणसाचा आकार मोडत गेलेले. १९५१ मध्ये ते इंग्लंडला गेले, १९७५ मध्ये परत आले आणि मुरुडला राहिले, शेवटपर्यंत. २००७ मध्ये गेले. आमच्या लहानपणी बीचवर पर्यटक विचारायचे डॉल्फिन कुठे दिसतात. बाकऱ्यांचं घर कुठे, असं कोणी विचारल्याचं ऐकलं नाही.

कंदीलकाका, तुमच्या 'जमत नाही' ला हे घरचं उत्तर आहे.

जुना कंदील
बाकऱ्यांचं काम मी मुंबईत पाहिलंय, आदर आहे. पण माझा प्रश्न कसबाचा उरलेला नाही. स्विस शिल्पकार जाकोमेट्टीची ती काडीसारखी माणसं जगात कोट्यवधींना विकली जातात, स्विस शंभराच्या नोटेवर छापली गेली, छान. ती संग्रहालयात जाऊन बघणाऱ्याला माहीत असतं की आपण काय बघायला आलोय. इथे रोज सकाळी दूध आणायला जाणारा माणूस बघणार आहे. त्याचा बाप त्या दोराला लागलेला होता. त्याने ओळख मागितली तर ते अडाणीपण नव्हे.

खाडीपलीकडची
हे मान्य. खरंच मान्य. फक्त जाकोमेट्टीबद्दल एक. युद्धाच्या काळात त्याची माणसं लहान होत होत इतकी लहान झाली की काडेपेटीत मावतील. तो समोरच्या माणसाला जसा दिसतो तसाच करायच्या मागे लागला होता, रस्त्यापलीकडे उभा असलेला, लांबचा. त्याच्या दृष्टीने ती हुबेहूबच होती. दूध आणायला जाणाऱ्यालाही रापण लांबूनच दिसते. नाक दिसत नाही, कोण आहे ते मात्र चालण्यावरून कळतं.

दर्यावर्दी
ह्या खरां. आमच्या वाडीत लांबसून कोण येता ता चालण्यारसून कळता. एकटो लंगडता, एकटो पोट पुढे काढून चलता, तो मी.

सडेकर
बैठक झाली. तुम्ही दिलेला निम्मा दारूगोळा वापरायची वेळच आली नाही. सांगतो.

या वेळी बैठक किनाऱ्यावरच घेतली. मॉडेल एका होडीच्या फळीवर ठेवलं. वाडीतले सगळ्यात जुने रापणकार आले, वय नव्वदीच्या घरात. चेहऱ्यावरून बोलतील म्हणून आम्ही सगळे तयारीत. त्यांनी काठीने मॉडेलच्या पायांना टोचलं आणि म्हणाले, "पाय असे सरळ ठेयलंस तर उताणो पडशील. टाच रोव. आणि शेवटचो माणूस ओढणा नाय, तो दोर गुंडाळता." मग स्वतः उभे राहून दाखवलं. त्या वयात. एक पाय पुढे रोवलेला, दुसरा मागे दुमडलेला, कंबर बाजूला वळलेली, खांदा दोराच्या रेषेत. शिल्पकार पोरगा खाली बसून फोटो काढत होता, मग फोटो सोडून वहीत रेघा मारायला लागला.

चेहऱ्यांचा विषय काढला तेव्हा आजोबा म्हणाले, ओढताना कोण कोणाच्या तोंडाकडे बघतो, पुढच्याची पाठ दिसते.

ज्यांनी प्रश्न काढला ते काका अजून नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, मग निदान नावं तरी घाला. तर बाजूला जांभ्याच्या चिऱ्यांची ठेंगणी भिंत आणि तिच्यावर ग्रॅनाइटच्या पाटीत रापणसंघातल्या माणसांची नावं, असं ठरतंय. यादीवरून नवीन भांडण होणार हे नक्की.

शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. आधी शांतता, मग मागून बायकांनी टाळ्या वाजवल्या. आता नऊ आकृत्या आणि वर्गणी कमी पडतेय. भोकाबद्दल विचारलं. ज्या माणसाच्या छातीत होतं तो आता वाकून दोर गुंडाळणार, त्यामुळे भोक गेलं. पोरगा थोडा हिरमुसला.

शेवंती
नऊ म्हणजे सात अधिक दोन. असो, सुरुवात आहे. टोपलीवालीचं मॉडेल झालं की मानेचा फोटो टाका, बाजूने काढलेला.

माती आणि साचा
पाय दुमडले तर भाराचा तोल बदलतो, सांगाडा नव्याने काढायला सांगा. आणि गंज न धरणारी सळई वापरा, महाग पडली तरी. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

जुना कंदील
नावांची पाटी चांगली सुचली. शिल्पाबद्दल माझं मत तेच आहे, पण त्या आजोबांचं कुणीतरी हुबेहूब व्यक्तिशिल्प करून ठेवा. वर्गणीत माझे हजार धरा.

हापूस नाही पायरी
शेवंतीताई, सासवण्याचं कर्मरकर शिल्पालय बघायचंय. मुंबईहून कसं जायचं? मुलांना आवडेल का?

वाळूतली खूण
गेटवेवरून मांडव्याची लाँच धरा, किंवा गाडी न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. मांडव्याहून सासवणं जवळच आहे, रिक्षा मिळते. पावसाळ्यात लाँच बंद असते, तेव्हा बघून जा. मुलांना तिथली म्हैस आवडते.

खवळलेला बांगडा
म्हशीला चेहरा आहे का?

वाळूतली खूण
आहे. आणि तो म्हशीसारखाच आहे, कंदीलकाकांनी निश्चिंत असावं.